देवडीवरचा फरगली

"नळीचं झाकण उघडं असताना बोलायचं नाही, देमयाना. देवाशीसुद्धा नाही."

डॉक्टोरा इजलालनी प्रयोगशाळेत मला दिलेली ही पहिली ताकीद. माझे ओठ हलताना त्यांनी पाहिले होते. हाताने काम आणि ओठांवर त्या त्या प्रहराची प्रार्थना, ही माझी आईच्या मांडीवरची सवय. आवाज कुणाला येत नसे, पण श्वास तर सुटतोच. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि हळू आवाजात समजावलं, की आपल्या थुंकीत, घामात, बोटांच्या टोकांवर आरएनए खाऊन टाकणारी द्रव्यं असतात. डीएनए चिवट असतो, थडग्यातल्या हाडांतूनही तो काढता येतो. आरएनए मात्र एका उसाशाने जातो. तू मनात म्हण, देवाला मनातलं ऐकू येतं, असं त्या म्हणाल्या. त्या स्वतः पाच वेळचा नमाज कधी चुकवत नसत, त्यामुळे त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला वाईट वाटलं नाही. त्या दिवसापासून नळी उघडताना मी ओठ मिटते. आता घरी मसुराच्या पातेल्याचं झाकण उचलतानाही ते आपोआप मिटतात, आणि मग मला हसू येतं.

कैरोत सय्यदा झैनब मशिदीच्या मागच्या गल्लीत आमची ती इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीतला फ्रीज इतका कण्हत असे, की नवा माणूस दचकून मागे पाही. दुसऱ्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं दिसत. इथे डॉक्टोरा इजलाल, मी आणि शौकी असे तिघेच काम करायचो. शौकी रक्त काढण्यात इतका तरबेज, की सुई टोचल्याचं लहान मुलाला त्याच्या विनोदानंतर कळे. जिभेला मात्र हाड नव्हतं. माझ्या उपवासांवरून तो रोज काहीतरी बोले. आमच्या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती, लोकांचे उपवास मोजायला गेलं तर वर्षातले न-उपवासाचे दिवस मोजणं सोपं, हे त्याचं आवडतं. मी माझा फूलचा, म्हणजे शिजवलेल्या वालांचा, डबा उघडला, की तो आत डोकावून विचारी, आज पुन्हा वालच का, की वाल तुझ्या घरी सुट्टीवर जातच नाहीत?

आमच्या कामाला 'फरगली' हे नाव त्यानेच दिलं.

फरगलीकाका, सगळ्यांचा अम्म फरगली, हा इमारतीचा बव्वाब, म्हणजे देवडीवरचा दरवान. लाकडी बाकावर पाय वर घेऊन बसलेला, हातात चहाचा काचेचा पेला. इमारतीतली एक वीट त्याच्या मालकीची नव्हती. वर कुठल्या खोलीत काय चालतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याच्या मनात नसलं तर विजेच्या खात्याचा माणूससुद्धा जिना चढू शकत नसे. आणि त्याने नुसती मान हलवली, की भाजीवाला, इस्त्रीवाला, पाहुणे, सगळे आत.

डॉक्टोरा इजलाल ज्याच्या मागे लागल्या होत्या तो आरएनए असाच होता. जनुक म्हणजे एक इमारत धरा. तिच्या तोंडाशी एक देवडी असते, तिला प्रमोटर म्हणतात. जनुक वाचणारी यंत्रणा तिथूनच आत शिरते. आत शिरली, की जनुकाची नक्कल निघते, नकलेवरून प्रथिन तयार होतं, आणि आम्ही म्हणायचो, इमारतीत दिवे लागले. पण या एका जनुकाच्या देवडीतच आणखी एक छोटासा धागा लिहिला जाई. त्याच्यापासून कसलंही प्रथिन बनत नसे. तो दारातच घुटमळे आणि थोड्या वेळात विरून जाई. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींतून तो धागा मुद्दाम काढून टाकला, की जनुकाचे दिवे मालवत. म्हणजे बाकावर दरवान असला तर माणसं आत जातात, नसला तर जात नाहीत. शौकी एकदा म्हणाला, हा तर आपला फरगलीच की. नाव चिकटलं ते चिकटलंच.

विभागप्रमुखांना हे पटत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाचा तिखट. ते म्हणत, सुताराने रंधा मारला की भुसा पडतोच, म्हणून काय भुशाने टेबल बनवलं म्हणायचं? यंत्रणा दारातून जाताना चार कपचे उडतात, तुम्ही त्यांना दरवान म्हणता. डॉक्टोरा ऐकून घेत. उलट उत्तर देताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण 'भुसा' हा शब्द त्यांना लागे. तो ऐकला, की त्या चष्मा काढून डोक्याच्या रुमालाच्या टोकाने पुसत बसत, आधीच स्वच्छ असला तरी.

बशीतल्या पेशींत दिसलं ते माणसांत दिसतं का, हा खरा प्रश्न होता. ते जनुक उपाशीपोटी जागं होणारं होतं. अन्न तुटलं आणि शरीराने साठवलेली चरबी जाळायला घेतली, की त्याचे दिवे लागत, रक्तातल्या पांढऱ्या पेशींतसुद्धा. म्हणजे आम्हाला खरोखर उपाशी माणसं हवी होती, आणि तीच मिळत नव्हती. सकाळी उपाशीपोटी या असं सांगितलं, तरी लोक दूधसाखरेचा चहा पिऊन येत आणि चहाला काय होतंय म्हणत.

एका शुक्रवारी देवळातली मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, आटोपून मी सरळ प्रयोगशाळेत आले होते. डॉक्टोरांनी विचारलं, काही खाऊन आलीस का? मी सांगितलं, ख्रिस्तशरीर स्वीकारायच्या आधी आम्ही मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा घेत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरातलं दडवलेलं सोनं दाखवलं. शुब्र्यातलं आमचं देऊळ त्या वेळी माणसांनी भरलेलं असतं हे कळल्यावर त्या म्हणाल्या, पोरी, इतकी प्रामाणिक रिकामी पोटं अख्ख्या कैरोत सापडायची नाहीत.

समितीची परवानगी निघाली, आमच्या अबूनांची, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंचीही निघाली. मिस्सा संपली, की देवळाशेजारच्या सभागृहात टेबल मांडायचं. संतांच्या तसबिरींखाली डोक्याला रुमाल बांधलेल्या डॉक्टोरा इजलाल, त्यांच्या बाजूला बर्फाची पेटी, शौकीची सुई आणि रांगेत आमच्या बायका. पहिल्या नंबराला नेहमी तांत ओदेत, म्हणजे ओदेतमावशी. ती शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, जाडजूड, मोठ्या आवाजाची. मुलींच्या शिवणीला अजूनही नावं ठेवी, आणि शौकीच्या सुईला तर प्रत्येक वेळी. तू टाके घालायला असतास माझ्या वर्गात तर नापासच केलं असतं, म्हणायची.

मला त्या सकाळी फार आठवतात. धूपाचा वास, बर्फाचा गारवा, बायकांच्या गप्पा. डॉक्टोरांना नातवंडांची लग्नं कुठे जमतायत इथपासून सगळं कळू लागलं होतं. आता सभागृहाचं नूतनीकरण झालंय, लाद्या चकचकीत आहेत. डॉक्टोरा इजलालही राहिल्या नाहीत. पण मी त्या दारातून गेले, की ते टेबल मला अजून तिथेच दिसतं.

उत्तरं मात्र विचित्र येत होती. काही बायकांच्या रक्तात सगळं जसं हवं तसं. बाकावर फरगली, वर दिवे. पण बऱ्याच जणींत बाक रिकामा आणि वर दिवे लखलखीत. नळ्या पुन्हा तपासल्या, द्रव्यं बदलली, शौकीने मला हातमोजे घालून झोप असं सांगितलं, तरी तेच. विभागप्रमुखांनी ते आकडे पाहिले आणि या वेळी थट्टासुद्धा केली नाही. ते म्हणाले, दरवान नसतानाही दिवे जळतायत, मग दिव्यांचा आणि दरवानाचा संबंध काय उरला?

डॉक्टोरा त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. आमच्या दोन खोल्या कुणाला द्यायच्या हेही ठरलं होतं. त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, की ईस्टरच्या आधीच्या या मोठ्या उपवासातले शेवटचे नमुनेही असेच निघाले, तर बैठकीत मी स्वतः उभी राहून म्हणेन, की तो भुसाच होता. माझ्यामागे कुणाला ते म्हणावं लागू नये. त्या रात्री माझ्या प्रार्थनेत मी त्यांचं नाव घेतलं. फरगलीचंही घेतलं असेन.

त्या वर्षी आमचा मोठा उपवास आणि रमजान एकमेकांत आले होते. म्हणजे टेबलाच्या अलीकडे डॉक्टोरा आणि शौकी रोजा धरलेले, पलीकडे आमच्या बायका उपाशी. शौकी म्हणाला, आज इथे कुणाला ढेकर आला तर तो पकडला जाणार.

तांत ओदेत सवयीप्रमाणे पहिली आली. तिच्या हातात रुमालात बांधलेला कुर्बान होता. मिस्सा संपल्यावर दारात देतात ती छोटी गोल पाव-भाकरी, वर क्रुसांचा ठसा उमटवलेली. तिने ती डॉक्टोरांच्या पुढे केली.

"घ्या डॉक्टोरा. गरम आहे अजून."

"तांत, माझा रोजा आहे."

"मग माझा काय नाही? रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नाही मी." असं म्हणत तिने भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तोंडात टाकला, उरलेला रुमालात बांधला आणि बाही वर करून हात टेबलावर ठेवला. शौकीने रबरी पट्टा बांधायला घेतला.

"शौकी, थांब जरा," डॉक्टोरा म्हणाल्या. "तांत, तुम्ही आत्ता काय खाल्लंत?"

"मी? काही नाही."

"आत्ता. माझ्यासमोर."

"हे होय." तांत ओदेत हसली. "अहो तो कुर्बान. त्याला कुणी खाणं म्हणतं का? देमयाना, सांग गं तुझ्या डॉक्टोराला."

आणि मी अगदी मनापासून सांगितलं, "बरोबर आहे, डॉक्टोरा. ते खाणं नाही."

बोलून गेल्यावर मला माझंच वाक्य ऐकू आलं. जन्मापासून दर मिस्सेनंतर मी तो तुकडा घेत आले होते. उपवासाच्या दिवशीही घेत होते, आणि तो अन्नात कधी धरलाच नव्हता. आमच्या लेखी तो प्रसाद. आई चिमूटभर कुर्बान माझ्या तोंडात घालायची आणि घरी गेल्यावर विचारायची, भूक लागली असेल ना, सकाळपासून पोटात काही नाही. आम्ही प्रत्येक बाईला विचारलं होतं, काही खाल्लंय का? प्रत्येकीने नाही म्हटलं होतं. कुणीच खोटं बोललं नव्हतं.

शौकीने पट्टा सोडला. "तांत, तुम्हाला माहीत, देमयानाला माहीत. पण पोटाला कुणी सांगितलंय का, की हे खाणं नाही म्हणून?"

रांगेत हशा पिकला. डॉक्टोरा मात्र हसल्या नाहीत. त्या उठून रांगेतल्या एकेकीजवळ गेल्या आणि विचारत सुटल्या. कुणी चिमूटभर खाल्ला होता. कुणी अख्खा खाऊन दुसरा मागून घेतला होता. कुणी मुळीच तोंडाला लावला नव्हता, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी पिशवीत ठेवला होता. त्या परत येऊन खुर्चीत बसल्या. रुमालाच्या टोकाने चष्मा पुसू लागल्या, आणि पुसता पुसता थांबल्या.

मग त्या माझ्याशी इतक्या हळू बोलू लागल्या, की मला वाकून ऐकावं लागलं. फरगली क्षणभंगुर आहे, हे आपल्याला बशीत दिसलेलंच आहे. घास पोटात गेला, की तो बाकावरून उठत असेल. पण जनुकाच्या ज्या नकला आधी निघाल्यात त्या तितक्या लवकर विरत नाहीत. दरवान घरी गेला म्हणून वरचे दिवे लगेच विझत नाहीत, आत गेलेली माणसं अजून आतच असतात. आपण नेमकं त्या मधल्या वेळेत रक्त काढत होतो.

"म्हणजे रिकाम्या बाकाचा दोष नाही?" मी विचारलं.

"असेल किंवा नसेल. बघायला हवं." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून काम केलं, आणि मिस्सेनंतर काय होतं हे मी कधी विचारलंच नाही बघ."

पुढचा शुक्रवार उपवासातला शेवटचा. डॉक्टोरांनी बायकांना विनंती केली, की कुर्बान हातात घ्या, पण तोंडात घालू नका. आधी रक्त द्या, मग खा, मग थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दोनदा रक्त द्या. एरवी एका सुईला तयार असणाऱ्या बायका तीन सुयांचं ऐकून कुरकुरल्या. तांत ओदेत पुढे झाली. ती रागावली नव्हती, पण तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. तिने सांगितलं, की या मोहल्ल्यात रक्त घ्यायला पूर्वीही लोक आले होते, कावीळ पाहायला, आणखी कशाला. नळ्या भरून नेल्या, गोड बोलले, आणि गेले ते गेलेच.

"आमच्या रक्तात काय निघालं, हे सांगायला एक माणूस फिरकला नाही, डॉक्टोरा. तुम्ही तरी याल का?"

"येईन," डॉक्टोरा म्हणाल्या. "ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी येईन. भुसा निघाला, तरी माझ्या तोंडाने सांगेन."

भुसा म्हणजे काय ते तांतला कळलं नाही. तिने डॉक्टोरांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि बाही वर केली. तिच्या मागून सगळ्यांनी केली. बायका हातात भाकरी धरून बसल्या, शौकी एकेकीपाशी जात राहिला. मी नळ्या बर्फात ठेवत होते, ओठ मिटून. कुर्बान खायची वेळ झाली. सगळ्या एकाच वेळी खात होत्या. शौकीने तोंड खिडकीकडे फिरवलं. सूर्य डोक्यावर यायलाही अवकाश होता.

शनिवार-रविवार आम्ही आरएनए काढण्यात घालवले. रविवारी झावळ्यांचा सण, मी पहाटेची मिस्सा करून, हातात विणलेला झावळीचा क्रूस घेऊनच आले. तो डॉक्टोरांनी कण्हणाऱ्या फ्रीजच्या दाराला लावायला सांगितला. सोमवारी दुपारी यंत्राच्या पडद्यावर रेषा चढू लागल्या. आम्ही तिघेही उभेच होतो.

पहिल्या सुईच्या नळ्या, भाकरीच्या आधीच्या. प्रत्येक बाईच्या रक्तात बाकावर फरगली होता, वर दिवे होते. एकही अपवाद नाही. दुसऱ्या सुईच्या नळ्यांत बाक रिकामा होत आलेला, दिवे तसेच. तिसऱ्या सुईला दिवेही मंदावलेले. तांत ओदेतच्या रेषा तर इतक्या सुबक, की शौकी म्हणाला, शिवणमास्तरीणच ती, टाका वाकडा पडेल कसा.

डॉक्टोरांनी पहिलं काय केलं असेल, तर आरएनएची नक्कल काढणारं एन्झाइम मुद्दाम न घातलेल्या नळ्या पाहिल्या. कारण देवडीचा मजकूर डीएनएतही असतो, आणि थोडा डीएनए जरी सोबत आला असता तर आम्ही भलत्यालाच फरगली समजून बसलो असतो. त्या नळ्या गप्प होत्या, त्यांची एकही रेषा चढली नव्हती. मग डॉक्टोरा खुर्चीत बसल्या, आणि त्यांचे ओठ हलले. झाकणं तेव्हा सगळी बंद होती.

विभागप्रमुखांना शौकीनेच बोलावून आणलं. ते बराच वेळ पडद्यासमोर वाकून उभे राहिले. डॉक्टोरा स्वतःच त्यांना म्हणाल्या, की दिवे फरगलीच लावतो, हे यावरून सिद्ध होत नाही. भुसासुद्धा लवकर उडून जाऊ शकतो. एवढंच म्हणता येतं, की दिवे लागताना तो बाकावर असतो. बशीतल्या पेशी याला जोडल्या, तर कदाचित त्याचा हात आहे.

"कदाचित," विभागप्रमुख म्हणाले. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "लिहा. कदाचितला माझी हरकत नाही." आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, "खोल्यांचं आपण पाहू. हे काम अर्धवट सोडून चालणार नाही."

मला रडू आलं. शौकीने मला रुमाल दिला आणि तो स्वच्छ असल्याची शपथ घेतली. सूर्यास्तानंतर रव्याचा गोड बसबूसा मागवायचा, बुधवारच्या बैठकीत हे मांडायचं, असं त्याचं नियोजन सुरू झालं. विभागप्रमुखांनाही बोलवायचं, आणि माझ्यासाठी उपवासाला चालेल असा बिनतुपाचा, बिनदुधाचा काहीतरी गोड पदार्थ शोधायचा. तो असतो की नाही याची त्याला शंका होती.

तो बोलत असताना डॉक्टोरांनी पांढरा कोट काढून खुंटीला लावला. हात धुतले, डोक्याचा रुमाल सारखा केला, पिशवी खांद्याला अडकवली.

"देमयाना, या आठवड्यात तुमच्या बायका दिवसभर देवळातच असतात ना गं?"

मी म्हटलं, हो, दुःखसहनाचा आठवडा, संध्याकाळपर्यंत असतात. मग मला कळलं. बाहेर खमासीन, वाळवंटातला धुळीचा तापलेला वारा, सुटला होता. समोरच्या गच्चीवरची कबुतरंसुद्धा धुळीत दिसेनाशी झाली होती. मी म्हणाले, तुमचा रोजा आहे, ऊन आहे, इफ्तार झाल्यावर आपण दोघी जाऊ. किंवा मीच जाऊन सांगते, माझंच देऊळ आहे.

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. त्यांची बोटं साबणाच्या पाण्याने अजून ओली होती.

"त्याच दिवशी म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या तोंडाने."

शौकीने दार उघडून धरलं. मी खिडकीशी गेले. त्या खाली उतरून गल्लीत आल्या, धुळीसाठी रुमालाचं टोक तोंडावर ओढलं, आणि भिंतीच्या सावलीच्या कडेकडेने, नेहमीच्या सावकाश चालीने, मेट्रोकडे निघाल्या.